आपण कोठे आहोत? किनाऱ्यालगतच्या नौकानयनाचा पहिला पाठ

किनारा दृष्टीच्या टप्प्यात असला म्हणजे वाट चुकण्याचे भय उरत नाही, असा हौशी नाविकांचा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. भर समुद्रात दोन मैलांची चूक झाली तरी होडीखाली खोल पाणी असते. किनाऱ्यालगत दोनशे मीटरांची चूकही तिला खडकावर नेण्यास पुरेशी ठरते. म्हणून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्याने एक प्रश्न सतत स्वतःला विचारावयाचा असतो : या क्षणी आपण नेमके कोठे आहोत, आणि ते आपल्याला कशावरून कळले?

यासाठी पहिले साधन म्हणजे सागरी नकाशा. आपल्या देशात तो देहरादून येथील राष्ट्रीय जलआलेखन कार्यालय प्रसिद्ध करते. जमिनीच्या नकाशात रस्ते शोधावेत तसे यात पाण्याची खोली दर्शविणारे आकडे शोधावयाचे असतात. हे आकडे मोठ्या ओहोटीच्या वेळच्या पाण्यावरून दिलेले असतात. त्यामुळे एरव्ही त्याहून अधिक पाणी मिळते. अंतर मोजताना मात्र नवशिका हमखास चुकतो. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, अर्थात अक्षांशाचे जवळजवळ एक मिनिट. ते कर्कटकाने नकाशाच्या डाव्या किंवा उजव्या कडेवरच, आणि तेही आपल्या जागेच्या समोर, मोजावयाचे. वरच्या किंवा खालच्या कडेवर रेखांश असतात. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचे मिनिट सागरी मैलापेक्षा सुमारे शंभर मीटरांनी तोकडे भरते.

दुसरे साधन होकायंत्र. त्याची सुई खऱ्या उत्तरेकडे नव्हे, तर चुंबकीय उत्तरेकडे वळते. या दोहोंतील फरकाला दिक्पात म्हणतात. तो स्थळाप्रमाणे व वर्षागणिक बदलतो आणि नकाशावर छापलेला असतो. मुंबईच्या परिसरात तो अगदी अल्प असल्याने येथे शिकलेल्या नाविकाला त्याची सवयच लागत नाही, आणि दूरच्या समुद्रात गेल्यावर ती उणीव त्याला महागात पडते. दुसरा दोष होडीतूनच उद्भवतो. होकायंत्राजवळ ठेवलेला लोखंडी सुरा, ध्वनिवर्धक किंवा मोबाइल सुईला काही अंश सहज ओढतो.

आता एक उदाहरण घेऊ. मुंबईच्या दक्षिण टोकाशी १८७५ साली बांधलेला प्राँग्ज दीपस्तंभ आहे. तेथून सुमारे ११ सागरी मैलांवर, जवळजवळ थेट दक्षिणेस, खांदेरी बेट लागते. त्यावरील दीपस्तंभ १८६७ सालचा. शिडाची एक होडी सकाळी नऊ वाजता प्राँग्जजवळून निघते. नाळ १८० अंशांवर, म्हणजे दक्षिणेकडे, आणि वेग ४ नॉट, म्हणजे ताशी ४ सागरी मैल. साडेदहा वाजता ती सहा मैल दक्षिणेस असावी. दिशा, वेग व वेळ यांवरून काढलेले हे झाले अनुमानित स्थान.

परंतु समुद्र स्थिर नसतो. वाटेत मुंबई बंदराचे विस्तीर्ण मुख ओलांडावे लागते आणि भरतीचे पाणी त्यातून आत शिरत असते. त्याची पूर्वेकडील ओढ ताशी एक मैल असेल असे धरू. मग दीड तासात होडी दीड मैल पूर्वेस सरकलेली असणार, आणि नाळ तर अजूनही १८० अंशच दाखविते! होडीवर बसलेल्याला याचा पत्ता कसा लागावा? खांदेरीच्या दीपस्तंभावर होकायंत्र धरल्यास. तो आता १८० वर नसून १९७ अंशांच्या आसपास दिसेल. नकाशावर दीपस्तंभातून त्या दिशाकोनाची रेषा ओढावी. होडी त्या रेषेवर कोठेतरी आहे. एवढेच ही रेषा सांगते, अधिक काही नाही. म्हणून दुसरी खूण हवी. किनाऱ्यामागचा कनकेश्वराचा डोंगर येथे उपयोगी पडतो. त्याच्या दिशाकोनाची रेषा पहिलीला जेथे छेदते, ते होडीचे स्थान. दोन रेषांतील कोन काटकोनाच्या जितका जवळ, तितका निर्णय भरवशाचा. तिसरी रेषा घेतली की बहुधा एक लहानसा त्रिकोण तयार होतो. अशा वेळी त्रिकोणाचे धोक्याला सर्वांत जवळचे टोक हेच आपले स्थान मानावे.

निघतानाच ही ओढ ध्यानात घेतली असती, तर नाळ सुमारे १४ अंश पश्चिमेकडे ठेवून होडी सरळ मार्गावर राहिली असती. दीपस्तंभावर नजर खिळवून त्याच्याकडेच नाळ वळवीत राहणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास होडी वक्र मार्गाने पूर्वेकडे झुकते; आणि त्या बाजूस उंदेरीचे बेट व थळचा उथळ किनारा आहे. १६७९ साली खांदेरीवरून संघर्ष झाला तेव्हा मराठ्यांच्या लहान होड्या याच उथळ पाण्यातून रात्री बेटावर पोहोचत आणि इंग्रजांच्या जड जहाजांना त्यांचा पाठलाग करणे जमत नसे. पाणी तेच, एकाला वाट, दुसऱ्याला अडसर.

भरती-ओहोटीचा हिशेब तिथीवरून अजमावता येतो. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची. मुंबईस उधाणाच्या वेळी पाणी चार मीटरांहून अधिक चढते, कोचीला जेमतेम एक मीटर, तर खंबायतच्या आखातात काही ठिकाणी दहा मीटरांपर्यंत. नेमक्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-कोष्टकात मिळतात. पाणी मात्र सहा तासांत समान गतीने चढत नाही. एकूण चढ ३.६ मीटर असल्यास पहिल्या तासात सुमारे ०.३, दुसऱ्यात ०.६, तिसऱ्या व चौथ्यात प्रत्येकी ०.९, आणि पुढे पुन्हा ०.६ व ०.३ मीटर, असा ढोबळ हिशेब करतात. प्रवाहही साधारणपणे मधल्या दोन तासांतच सर्वांत जोरात असतो.

बंदराच्या वाटेवरील बोयांविषयी थोडेसे. आपल्याकडे समुद्रातून आत येताना लाल बोया डाव्या हातास व हिरवा उजव्या हातास ठेवतात. अमेरिका खंडात व जपानमध्ये याच्या उलट रीत आहे. बोया साखळीने बांधलेला असतो व वादळात सरकू शकतो. म्हणून स्थान काढण्यासाठी त्याचा आधार घेऊ नये. जमिनीवरच्या दोन खुणा एकामागे एक येणे, जसे एखादे देऊळ व त्यामागचे शिखर, यासारखी अचूक रेषा दुसरी नाही. तिला होकायंत्रही लागत नाही.

आज उपग्रहांवरून स्थान सांगणारे यंत्र खिशात मावते आणि ते बाळगावेच. तथापि त्याची विद्युत्घटी संपते, त्यावर पाणी उडते, आणि मुख्य म्हणजे ते क्वचितच चुकत असल्याने नाविक वहीत काही लिहिण्याचे सोडून देतो. दर अर्ध्या तासाने वेळ, दिशा, वेग व स्थान टिपून ठेवलेले असेल, तर यंत्र बंद पडले तरी अनिश्चिती अर्ध्या तासापुरतीच राहते.

आणि रेषा एकमेकींशी जुळत नसतील तर? दिवस मावळतीला आलेला, किनारा धुरकट झालेला, खोली नकाशाशी मेळ खात नाही. अशा वेळी वेग न वाढविता, जुळणारा आकडा तेवढा खरा मानण्याचा मोह आवरून, होडी खोल पाण्याकडे वळवावी किंवा जागा सुरक्षित असल्यास तेथेच नांगर टाकावा. दिवे लागले की प्रत्येक दीपस्तंभ आपल्या ठरीव लयीने लुकलुकू लागतो. घड्याळ लावून ती लय मोजावी, नकाशावरील नोंदीशी ताडून पाहावी, आणि मगच पुढची दिशा ठरवावी.