समभाग हाती आल्यावर

सुरत शहर हिरे आणि कापड यांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु मुंबईच्या शेअरबाजाराचे एक आद्य प्रवर्तक प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली याच शहरी झाला, हे थोड्यांनाच ठाऊक असते. १८६५ च्या मंदीत त्यांच्यासह अनेकांचे दिवाळे निघाले. आज सुरतेच्या उधना, लिंबायत भागांतील खानदेशी तरुणही मोबाइलवरून नव्या कंपनीच्या समभागांसाठी अर्ज करू शकतो. अर्ज कसा भरावा, हे त्याला सगळेच सांगतात; समभाग हाती आल्यावर त्यांच्यावर लक्ष कसे ठेवावे, हे मात्र फारसे कोणी शिकवत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

उदाहरणादाखल पैशाच्या व्यवहारांचे सॉफ्टवेअर चालविणारी पेटीएम ही कंपनी घेऊ. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिने २,१५० रुपये दराने समभाग विकले. किमान ६ समभाग, म्हणजे १२,९०० रुपये गुंतवावे लागत. १८ नोव्हेंबरला, बाजारातील पहिल्याच दिवशी, भाव सुमारे १,५६० वर आला. ही घट २७ टक्क्यांची. पण ती भरून येण्यास सुमारे ३८ टक्के वाढ लागते, कारण वाढ आता लहान रकमेवर मोजली जाते.

भाव रोज दिसतो. म्हणून तेवढाच पाहण्याची सवय लागते. वस्तुतः वहीत आणखी चार नोंदी हव्यात.

पहिली नोंद, पैसा कोठे गेला? पेटीएमच्या १८,३०० कोटींपैकी ८,३०० कोटी कंपनीस मिळाले. उरलेले १०,००० कोटी आपले समभाग विकणाऱ्या जुन्या मालकांकडे गेले. उलट सुरतच्याच अनुपम रसायन कंपनीने मार्च २०२१ मध्ये ५५५ रुपये दराने उभारलेले ७६० कोटी सर्वस्वी नव्या समभागांचे होते. तिचाही भाव पहिल्या दिवशी विक्रीदराखाली होता. तेव्हा त्या एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये.

दुसरी नोंद, नफा कशातून झाला? सप्टेंबर २०२४ च्या तिमाहीत पेटीएमने ९३० कोटींचा नफा दाखविला. परंतु त्यात तिकीटविक्रीचा व्यवसाय झोमॅटोला विकून झालेला १,३४५ कोटींचा एकवेळचा लाभ होता. तो वगळला की तोटाच उरतो.

तिसरी नोंद, नियंत्रकाचे निर्णय. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि पुढील दोन्ही दिवशी समभाग प्रत्येकी २० टक्क्यांनी घसरला.

चौथी नोंद, समभागांची संख्या. घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या क्विकन या संगणकीय कार्यक्रमाची निर्माती, अमेरिकेतील इन्ट्यूइट कंपनी, १९९३ साली २० डॉलर दराने बाजारात आली. पुढे १९९५ मध्ये एका समभागाचे दोन, १९९९ मध्ये एकाचे तीन आणि २००६ मध्ये पुन्हा एकाचे दोन झाले. म्हणजे मूळचा एक समभाग बारा झाला आणि त्याची खरी खरेदी किंमत सुमारे १ डॉलर ६७ सेंट ठरली. हे न जाणता २० डॉलरशी तुलना करणारा आपला फायदा बाराव्या भागाहूनही कमी समजेल.

सूचीबद्ध कंपनीस तिमाहीचा निकाल ४५ दिवसांत आणि वर्षाचा ६० दिवसांत जाहीर करावा लागतो. म्हणून दर तीन महिन्यांनी वहीचे एक पान लिहिले तरी पुरे. पहिल्या पानावर मात्र खरेदीच्या दिवशीच लिहावे : "मी हा समभाग अमुक कारणासाठी घेतला." पुढे भाव पडला, तर प्रथम ते कारण टिकले आहे की नाही, हे पाहावे. कारण टिकले असेल, तर धीर धरण्यास आधार आहे; ते संपले असेल, तर "मूळ किंमत येईपर्यंत थांबू" ही केवळ मनाची समजूत होय. आपण काय भावाने घेतला, हे बाजारास ठाऊक नसते.