सांबरशिंगाची मूठ आणि हुपरीची चांदी

पोरी, आपल्या हुपरीत घुंगरू जोडायला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. घरोघरी बायका ते काम घेऊन बसलेल्या असतात आणि बघता बघता पोरांच्या हाताला वळण लागतं. पण अधूनमधून गिऱ्हाईक अशी एखादी वस्तू आणतं, की तिथं पैंजणाचा हात चालत नाही. सांबरशिंगाच्या मुठीचा जुना खिशातला चाकू ही त्यातलीच. कागल, इचलकरंजी, निपाणी या बाजूच्या जुन्या घरांतून तो येतो. मुठीवरची चांदीची कडी सैल झालेली असते, नाहीतर टोकाची टोपी कुठंतरी पडून गेलेली असते. माणूस म्हणतो, "जरा चकाचक करून द्या." नेमकं तेच तू करायचं नाहीस.

चांदीचं बोलणं नंतर, आधी कागद माग. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सांबराचं, चितळाचं शिंग आणि त्याची केलेली वस्तू घरात ठेवायला वनखात्याचा मालकीचा दाखला लागतो. दाखला असला तरी ती वस्तू विकता येत नाही. बापाकडून लेकाकडं वारशानं तेवढी जाते. जंगलात गळून पडलेलं शिंगसुद्धा उचलून आणायची मुभा नाही. म्हणून दाखला नसेल तर चाकू हातात न घेता परत दे आणि वनखात्याच्या कचेरीत जायला सांग. "तुमच्याकडं मूठ बदलून मिळेल का, नवं शिंग आणून देतो," असं कुणी म्हणालं, तर तो कितीही ओळखीचा असो, त्याला चहासुद्धा विचारू नको. मी हे कडक बोलतो, कारण आपल्याला ज्याचं कौतुक आहे ते शिंग आधी राधानगरी-दाजीपूरच्या रानात सांबराच्या डोक्यावर असलं पाहिजे. दाजीपूर हे एकेकाळी कोल्हापूर दरबाराचं शिकारीचं रान होतं. तेच 1958 साली अभयारण्य झालं. तेव्हा उरलेल्या जुन्या मुठी जपायच्या, नव्या होऊ द्यायच्या नाहीत.

आता वस्तूकडं वळू. आपण सरसकट शिंग म्हणतो, पण गव्याचं, म्हशीचं शिंग निराळं आणि सांबराचं निराळं. म्हशीचं शिंग म्हणजे आपल्या नखाचाच प्रकार. आत हाडाचा खुंट आणि वर पोकळ टोपण. ते जन्मभर वाढतं, गळत नाही, आणि ताव दिला की मऊ होऊन वाकतं, म्हणून त्याच्या फण्या होतात. सांबराचं शिंग मुळापासून टोकापर्यंत हाड असतं. फक्त नराला येतं, दरसाल गळतं आणि नव्यानं फुटतं. वाढत असताना त्यावर मखमलीसारखी कातडी असते, तिच्यातून रक्त पोचतं. शिंग पक्कं झालं की कातडी वाळते आणि नर ती झाडांच्या बुंध्यावर घासून काढतो. त्या घासण्यात सालीचा रस आणि सुकलेलं रक्त खाचांत मुरतं. मुठीवर जो काळपट तपकिरी रंग दिसतो, तो तिथला आहे. कुठल्याही रंगाऱ्यानं तो दिलेला नाही, आणि एकदा घासून काढला की परत चढवताही येत नाही.

तुझ्या पणजीच्या बटव्यात वेखंड, जायफळ, हळकुंडाशेजारी सांबरशिंगाचा बोटभर तुकडा असायचा. पोराची छाती भरली किंवा कुठं सूज आली की सहाणेवर उगाळून लेप द्यायचे. औषध म्हणून त्याचं काय व्हायचं ते वैद्याला ठाऊक, पण उगाळून उगाळून त्या तुकड्याचं तोंड आरशासारखं सपाट झालं होतं, आणि मी शिंग वाचायला शिकलो ते त्या तोंडावरून. कडेला हस्तिदंती रंगाचा घट्ट थर, मधे करडा, बारीक छिद्रांचा गाभा. सांबरशिंगाचा हा बाहेरचा थर चांगला जाड असतो आणि गाभा त्या मानानं लहान. म्हणूनच विलायतेतले शेफील्डचे चाकूवाले मुठींसाठी आपल्या हिंदुस्थानातलं आणि सिलोनचं सांबरशिंग मागवायचे. आपल्याकडं आलेल्या कित्येक जुन्या चाकूंची गंमत हीच आहे, की शिंग इथून बोटीनं तिकडं गेलं आणि मूठ होऊन परत इथंच आलं.

खरं-खोटं पाहायला तापलेली सुई टोचायची म्हणून कुणी सांगेल, ते ऐकू नको. सुईनं कळतं खरं, प्लास्टिक वितळतं आणि शिंगाला जळक्या हाडाचा वास येतो, पण मुठीला कायमचा डाग पडतो. त्यापेक्षा टंच तपासणाऱ्याकडं असतं तसलं भिंग घे आणि उजेडाला बस. मुठीच्या दोन्ही बाजूंच्या शिंगाच्या पट्ट्या आळीपाळीनं ताडून बघ. खऱ्या शिंगाच्या खाचा लांबीच्या अंगानं वाहतात, मधेच उथळ होतात, कुठं गाठ येते, आणि एका बाजूसारखी दुसरी बाजू कधीच नसते. दोन्हीकडं तोच डाग त्याच जागी असेल, तर ती साच्यातली ओतीव मूठ. जनावराच्या हाडावर टोच्यानं खाचा पाडून रंगवलेल्या मुठीही पुष्कळ येतात. त्यांत खाचा एका मापाच्या असतात आणि खाचांमधल्या सपाट भागावर सुईच्या अग्राएवढे काळे ठिपके किंवा बारीक रेघा दिसतात. मग मुठीचं टोक बघ. तिथं छिद्रांचा गाभा डोकावत असला तर शंकाच नको. एखाद्या मुठीला कापरासारखा वास येईल. ते सेल्युलॉइड. असा चाकू दुसऱ्या चाकवांबरोबर एका पेटीत ठेवू नको. जुनं सेल्युलॉइड कुजतं तेव्हा त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारच्या पात्यांना गंज चढतो.

पात्याच्या मुळाशी असलेली खूणही वाचून घे. तारा आणि त्याशेजारी चार हातांचा क्रूस दिसला, तर ती शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सची खूण. पॉलिशच्या नादात अशी खूण गेली, की चाकवाची ओळखच गेली.

आता आपलं काम, म्हणजे चांदी. इथं तुला पैंजणाच्या चार सवयी सोडाव्या लागतील. पैंजणाला आपण झाळ देतो, तेजाबात उजळवतो, रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशनं घासतो आणि मशीनवर चमकवतो. यातलं एकही मुठीला लावून करायचं नाही. झाळीच्या आचेनं शिंग तडकतं. तेजाब तर शिंगातला चुनाच खातं, पृष्ठभाग खडूसारखा पांढरा पडतो. पाण्यात बुडवलं की गाभा पाणी पितो, फुगतो, आणि सुकताना पट्टी रिबिटापाशी चिरते. पॉलिशच्या चाकाचा काळा मसाला खाचांत बसला की निघता निघत नाही.

म्हणून कडी नेहमी वेगळी करायची. कागदाची पट्टी मुठीभोवती गुंडाळून माप घे, खाचांच्या वरच्या अंगाचं. चांदीची पट्टी पातळ ओढ, कडी झाळून, उजळून, पुसून पूर्ण तयार कर, आणि मगच मुठीवर चढवून बघ. ती अडेल. अडणारच, कारण कडी गोल आहे आणि शिंग गोल नाही. इथं नवशिक्याचा हात कानशीकडं जातो आणि तो शिंग घासून कडीत बसवतो. आपल्या घरात तसं करत नाहीत. कडीला पुन्हा ताव देऊन मऊ करायचं, मुठीवर सरकवायचं, आणि लाकडी दांडीच्या गोल टोकानं दाबत दाबत चांदी खाचांत उतरवायची. जिथं शिंगाला गाठ आहे तिथं कडीलाही फुगवटा आला पाहिजे. अर्धा दिवस जातो. गिऱ्हाइकाला तो दिवस दिसत नाही, पण बोट फिरवलं की चांदी कुठं संपली आणि शिंग कुठं लागलं ते कळू नये, इतकं ते बसतं. नक्षी करू नको. शिंगाच्या अंगावर इतक्या रेघा आहेत, की शेजारी वेलबुट्टी आली तर दोन्ही मरतात. सपाट, जरा मंद चांदीच तिथं शोभते.

मुठीवर हात लागून लागून अंगठ्याच्या जागी पिवळसर गुळगुळीतपणा आलेला असतो. तो मळ समजून काढू नको. मळ असतो तो खाचेच्या तळाशी. कोरड्या मऊ ब्रशनं तेवढाच झाडून घे.

परत देताना मालकाला दोन गोष्टी बजाव. एक, खोबरेल चोळू नका, ते खवट होतं आणि धूळ धरतं. वर्षातून एकदा मधमाश्यांचं मेण फडक्याला नावापुरतं लावून पुसलं तरी शिंगाला बास. पात्याच्या सांध्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चाकू चामड्याच्या म्यानात बंद करून ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं, आतल्या पितळेवर हिरवा कळंक चढतो, रिबीट फुगतं आणि शिंग आतून फाटतं. सुती फडक्यात गुंडाळून, हवा लागेल अशा फडताळात ठेवायचा. शिंग मुळात चिरलेलंच आलं असेल, तर चीर भरू नको. ती वाढत नाही एवढं बघून तसंच परत दे.

डोळा तयार व्हायला मात्र चाकू फारसे मिळणार नाहीत. त्यासाठी एखाद्या सुट्टीला कोल्हापूरला न्यू पॅलेसचं म्युझियम बघून ये. तिथं शिकारीची हत्यारं, जनावरं सगळं आहे. तू हत्यारांपुढं रेंगाळू नको. सांबराच्या डोक्यापाशी थांब आणि शिंगाच्या मुळाकडून टोकाकडं नजर ने. खाचा कुठं दाट, कुठं विरळ, रंग कुठं फिकट होत जातो, ते नीट बघ. मग पुढच्या वेळी चाकू आला की मूठ शिंगाच्या कुठल्या भागातून काढली ते तूच मला सांगायचं.