शेवटची मुकी अक्षरे

मुलांनो, आधी माझी चूक सांगतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पॅरिसचे, पण नेमबाजी झाली फ्रान्समधल्याच दुसऱ्या गावी. त्या गावाचे नाव मी इंग्रजीसारखे वाचून तक्त्यावर ‘चॅटॉरॉक्स’ लिहिले. तुम्हीही ते पाठ केलेत! खरे नाव आहे शातोरू.

असे कसे? फ्रेंचमध्ये सी-एच म्हणजे श. ई-ए-यू ही तीन अक्षरे मिळून नुसता ओ. ओ-यू म्हणजे ऊ. आणि शेवटचा एक्स? तो मुका. फ्रेंच शब्दातले शेवटचे व्यंजन बहुधा लिहायचे, पण बोलायचे नाही. म्हणून तिथले लोक पॅरिसला ‘पारी’ म्हणतात. हसू नका, आपणही ‘राम’ लिहितो आणि ‘राम्’ म्हणतो. शेवटचा अ जातो कुठे?

गंमत म्हणजे हे मुके अक्षर कधीकधी जागे होते. ‘आमी’ म्हणजे मित्र. अनेक मित्र असले की आधी ‘ले’ लावतात. त्या ‘ले’च्या शेवटी एस असतो, एरवी मुका. पण पुढे स्वर आला की तो ‘झाड’मधल्या झ सारखा बोलतो : लेझामी.

आता नमस्कार. ‘बोंझूर’. यातला ‘बों’ म्हणताना जीभ टाळूला लावायची नाही, आवाज नाकातून सोडायचा. कोकणातली म्हातारी माणसे ‘केळें’, ‘तें’ म्हणतात ना, तसा. यातला झ मात्र झाडातला नव्हे. श म्हणताना जीभ असते तिथेच ठेवा आणि घसा घुमवा, म्हणजे तो येतो.

‘मेर्सी’ म्हणजे आभार. यातला र जिभेच्या शेंड्याने नाही, गुळण्या करताना घसा खुळखुळतो तिथून काढायचा. (पाणी न घेता करा. काल दोघांनी दप्तरे भिजवली.) ‘सिल वू प्ले’ म्हणजे कृपा करून. निरोप घेताना ‘ओ रव्वार’. बाईंना ‘मादाम’, गुरुजींना ‘म्स्यो’. या म्स्योच्या लिखाणात आठ अक्षरे आहेत, त्यांतला शेवटचा आर अर्थातच मुका.

तक्ता खिडकीजवळ आहे. सातवीतल्या ज्याचे अक्षर चांगले असेल त्याने चुकीच्या नावावर कागद चिकटवून ‘शातोरू’ लिहावे.