संग्रहालयांतील शोध आणि बांधींतील शोध

आपल्या देशानें कोणकोणते शोध लावले हें लोकांस प्रत्यक्ष दाखवावें, या हेतूनें उभारलेलीं संग्रहालयें आतां आपल्याकडे नवीं राहिलेलीं नाहींत. नागपूरचा अजब बंगला १८६३ सालचा. त्यांत मूर्ती, नाणीं, शस्त्रें व पेंढा भरलेले प्राणी आहेत. परंतु तें पुराणवस्तूंचें घर, शोधांचें नव्हे. (शिवाय रानटी जनावरें पाहण्यासाठीं चांद्याकडील मनुष्यानें नागपुरास कशास जावें!) यंत्राचें पोट उघडून दाखवणारें, प्रेक्षकानें कळ दाबली कीं चाक फिरूं लागावें अशा धर्तीचें संग्रहालय जर्मनींतील म्युनिक शहरीं १९०३ सालीं स्थापन झालें, आणि तो कित्ता पुढें अनेक देशांनीं गिरवला. आपल्या देशांत कलकत्त्यास १९५९ सालीं व बंगलूरास १९६२ सालीं अशीं संग्रहालयें निघालीं. मुंबईस वरळी येथें नेहरू विज्ञान केंद्र १९८५ सालीं आणि नागपुरास गांधीसागर तलावाजवळ रामन विज्ञान केंद्र १९९२ सालीं उघडलें.

या संस्थांचें कार्य मोठें आहे, यांत शंका नाहीं. तथापि शेतकऱ्याच्या दृष्टीनें एक अडचण उरते. इंजिनाचा शोध दाखवणें सोपें. तें कापून मांडलें कीं झालें. धानाचें नवें वाण हाही शोधच होय. परंतु तो मांडावा कसा? कांचेच्या बरणींत मूठभर दाणे ठेवून वर चिठ्ठी लावली, तर पाहणारा म्हणणार कीं हे तांदूळ आमच्याही घरीं आहेत.

आमच्या भागांतील उदाहरण घेऊं. चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीड तालुक्यांत नांदेड नांवाचें खेडें आहे (मराठवाड्यांतील नांदेड नव्हे). तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे यांचें शिक्षण तिसरीपर्यंत झालेलें, आणि जमीन उतारवयांत जेमतेम दीड एकर. १९८३ सालीं त्यांच्या शेतांत ‘पटेल ३’ हें धान होतें. त्यांत कांहीं थोड्या लोंब्या इतरांहून निराळ्या, पिवळसर व बारीक दाण्याच्या त्यांना दिसल्या. अशा लोंब्या पुष्कळांस दिसतात व चुरणींत मिसळून जातात. दादाजींनीं त्या वेगळ्या काढून जपून ठेवल्या. पुढील हंगामीं शेताच्या मध्यभागीं लहानशा तुकड्यांत त्या पेरल्या व जनावरांपासून राखण्यासाठीं भोंवतीं कांट्यांचें कुंपण केलें. असें वर्षानुवर्षें निवडीत १९८९ च्या सुमारास भरपूर बियाणें हातीं आलें. भात शिजवून पाहिला, तो मूळ वाणाहून सरस उतरला. शेजाऱ्यांनीं बियाणें नेलें, धान बाजारांत गेलें. तेथें नांव विचारलें तर नांवच नव्हतें. त्या काळीं एच.एम.टी.चें मनगटी घड्याळ लोकप्रिय होतें, तेंच नांव व्यापाऱ्यानें धानास देऊन टाकलें. अशा रीतीनें शोध एकाचा व नांव घड्याळाचें, असा प्रकार झाला.

आतां या सहा वर्षांत काय घडलें हें समजून घेण्याजोगें आहे, कारण खरा शोध त्यांतच आहे. धानाचें फूल स्वपरागी असतें. तें सकाळीं उशिरा उमलतें, उमलतां उमलतांच त्याचे परागकोश फुटतात, आणि तास-दोन तासांत फूल मिटतें. त्यामुळें शेजारच्या झाडाचा पराग लागण्याचा संभव बहुधा शेंकडा एकाहूनही कमी. म्हणून निवडलेल्या लोंबीचा गुण पुढें टिकतो. परंतु निराळी दिसणारी लोंबी ही नुसती भेसळ आहे, आपोआप झालेला पालट आहे, कीं चुकून झालेला संकर आहे, हें डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. तिची संतति पेरूनच तें कळतें. संकर असेल तर त्यांतील मिश्रपणा दर पिढीस निम्मा होत जातो : पहिल्या वर्षीं निम्मा, दुसऱ्या वर्षीं चतुर्थांश, आणि सहाव्या वर्षीं चौसष्टांश. म्हणजे पांच-सहा हंगाम धीर धरणें हा हट्ट नसून तेवढा काळ लागतोच. प्रयोगशाळेंतील तज्ज्ञासही ही वाट सहसा चुकत नाहीं.

पुढें पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें १९९८ सालीं पीकेव्ही-एचएमटी या नांवानें शुद्ध केलेलें वाण प्रसृत केलें. मूळ शोधाचें श्रेय आपणांस मिळालें नाहीं अशी दादाजींची तक्रार राहिली. विद्यापीठाचें शुद्धीकरणाचें काम व्यर्थ होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. पण मूळ बियाणें कोठून आलें हें सांगितल्यानें त्या कामास उणेपणा आला नसता. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाचा पुरस्कार त्यांना २००५ सालीं राष्ट्रपति डॉ. अब्दुल कलाम यांचे हस्तें मिळाला. ३ जून २०१८ रोजीं ते वारले. नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर, विजय नांदेड, डीआरके अशीं त्यांचीं आणखीही वाणें आहेत. गांवाचें नांव त्यांत मुद्दाम गोंवलेलें दिसतें, तें घड्याळाच्या अनुभवानंतर स्वाभाविकच होय.

संग्रहालयाकडे पुन्हां वळूं. धानाचें बियाणें साध्या हवेंत वर्ष-दोन वर्षांत उगवणशक्ति गमावतें. म्हणजे बरणींत ठेवलेलें वाण हें थोड्याच काळांत वाणाचें प्रेत होतें. यासाठीं आमचें म्हणणें असें कीं, शेतीच्या शोधाचें दालन आवारांतील बांधींत असावें. तेथें ‘पटेल ३’, दादाजींचें एच.एम.टी. व विद्यापीठाचें वाण शेजारीं शेजारीं दरसाल लावावें. एका वाणापासून दुसरें निदान तीन मीटर दूर असावें. आणि कार्तिकांत आलेल्या मुलांस लोंब्या हातीं देऊन फरक ओळखावयास सांगावें. शेजारीं मामा तलावाची प्रतिकृति असावी. माजी मालगुजारी तलावांस हें नांव १९५१ सालीं मालगुजारी गेल्यानंतर पडलें, परंतु त्यांतील कित्येक तलाव गोंड राजांच्या काळीं कोहळी लोकांनीं बांधलेले आहेत. पाळ कोठें घालावी, पाणी सोडण्याचें तुडूम किती खालीं बसवावें, जास्त झालेलें पाणी सलंगावरून कोणीकडे काढावें, हें ज्यांनीं मोजमापाच्या यंत्राविना ठरवलें, त्यांचें गणित कोणत्या वाफेच्या इंजिनाहून हलकें होतें?

नागपूर सर्वांस जवळ नाहीं. भामरागड-सिरोंच्याहून तर नाहींच. परंतु मोटारींतून खेडोपाडीं जाणारें फिरतें विज्ञान प्रदर्शन कलकत्त्याच्या संग्रहालयानें १९६५ सालींच सुरू केलें होतें. तशी गाडी सुगीच्या दिवसांत आठवड्याच्या बाजारीं उभी राहिली, तर पाहणाऱ्यांपैकीं कोणी उलट आपलीच लोंबी दाखवावयास आणील, असा आमचा अजमास आहे.

तोंवर शेतकऱ्यानें काय करावें? कायदा आतां पुष्कळसा त्याच्या बाजूचा आहे. वाणसंरक्षण व शेतकरी हक्क यांविषयींच्या २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपलें वाण नोंदवितां येतें, त्यास शुल्क माफ आहे, व शेतपिकाच्या वाणास १५ वर्षें संरक्षण मिळतें. परंतु नोंदणीस पुरावा लागतो, आणि तो बांधींतूनच तयार करावा लागतो. धान पिकूं लागलें कीं सकाळीं एकदां बांधींतून सावकाश फिरावें. निराळी लोंबी दिसल्यास तिला रंगीत दोरा बांधावा; ती बांधाच्या कडेची असेल तर शेजारच्या बियाण्याची भेसळ असण्याचा संशय धरावा. पूर्ण पिकल्यावर ती हातानें खुडून सावलींत वाळवावी व चुरणीपूर्वींच वेगळी ठेवावी. एका लोंबीचे पऱ्हे एका ओळींत, मूळ वाणाची ओळ शेजारीं. ओळींत विसंगत रोप दिसेल तें उपटून टाकावें. दर हंगामीं किती लोंब्या घेतल्या, कोणत्या तारखेस रोवणा झाला, कोणत्या तारखेस फुलोरा आला, हें वहींत टिपावें. डब्यावर वाणाचें, गांवाचें व निवडणाऱ्याचें नांव आणि हंगामाचें साल लिहावें. शाई ओलीनें पुसते, म्हणून तशीच एक चिठ्ठी डब्याच्या आंतही टाकावी.