जुलाबातील आकडी : औषध कोणते व किती दिवस?

लहान मुलास जुलाब-उलट्या होत असताना आकडी आली की घरच्यांचा धीर सुटतो आणि ‘मिरगी लागली’ अशी धास्ती बसते. रोहिणखेड व परिसरातील पालकांच्या माहितीसाठी या उपचाराविषयी थोडेसे.

प्रथम कारण शोधावे लागते. रक्तातील साखर घसरली असल्यास ग्लुकोज, सोडियम फार कमी झाले असल्यास योग्य सलाइन हाच खरा उपचार होय. मान ताठ होणे, तीव्र ताप वा सततची ग्लानी असल्यास मेंदूज्वराची तपासणी आवश्यक ठरते.

तथापि, काही बालकांत या सर्व तपासण्या निर्दोष येतात. ही मुले बहुधा ६ महिने ते ३ वर्षे वयाची व एरवी निरोगी असतात. त्यांना ताप नसतो, शुष्कताही बेताचीच असते. रोटा विषाणू हे याचे एक प्रमुख कारण. जपानमधील बालरोगतज्ज्ञ मोरोओका यांनी १९८२ मध्ये हा प्रकार प्रथम वर्णिला. यातील झटके अल्पकाळ टिकतात, परंतु एक-दोन दिवसांत पुनःपुन्हा येतात.

दीर्घ झटका थांबविण्यास मिडाझोलाम वा लोराझेपाम देतात. मात्र डायझेपाम देऊनही पुढचे झटके अनेकदा येतच राहतात. मात्रा वाढवत नेल्यास मूल गुंगीत जाते व श्वास मंदावण्याचा धोका संभवतो. अशा वेळी कार्बामाझेपिनची अल्प मात्रा, वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा तोंडावाटे दिल्यास बहुतेक बालकांचे झटके थांबतात. जुलाब थांबले की औषधही थांबते. ही मिरगी नव्हे. वर्षानुवर्षे गोळ्यांची गरज नसते. अर्थात, हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.

घरी आकडी आल्यास मुलास कुशीवर निजवावे. तोंडात पाणी वा चमचा घालू नये. कांदा-चप्पल हुंगविण्यात वेळ दवडू नये. झटका ५ मिनिटांत न थांबल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. झटका लवकर थांबला तरी मुलास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पूर्ण शुद्धीवर आल्यावरच जलसंजीवनी पाजावी.

रोटा विषाणूची लस महाराष्ट्रात २०१९ पासून शासकीय लसीकरणात समाविष्ट असून ती ६, १० व १४ व्या आठवड्यांत विनामूल्य मिळते. ती चुकवू नये.

देणगीदारांनी एवढे ध्यानी घ्यावे की, साखर मोजण्याचे लहानसे यंत्र व योग्य औषध गावाजवळ उपलब्ध असल्यास एका बालकाचे प्राण वाचतात, तर दुसऱ्याची मिरगीच्या खोट्या शिक्क्यातून सुटका होते.