पिलांचं ताट आधी वाढा

तान्ह्या मुलाला आपण भाकरी देत नाही, दूध देतो. भाकरी वाईट असते म्हणून नव्हे, तर ती त्याला खाता येत नाही म्हणून. माशाच्या पिलाचंही तसंच आहे.

आमच्या चिरनेरकडे, पनवेल-उरणच्या पट्ट्यात, भाताबरोबर मासळी लागतेच. घरामागच्या टाकीत रोहू, कटला, मृगळ यांची पिले वाढवावीत, असे ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हा धडा आहे.

जिरे म्हणजे काय?

अंड्यातून नुकतेच निघालेले पिलू जिऱ्याच्या दाण्याएवढे असते. म्हणून त्याला मत्स्यजिरे म्हणतात. ते बोटाएवढे झाले की त्याला बोटुकली म्हणतात. पूर्वी जिरे पावसाळ्यात नदीतून धरून आणावे लागत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सोबत्यांनी ओडिशात माशांना औषध टोचून अंडी घालायला लावली. तेव्हापासून जिरे केंद्रात तयार होऊ लागले.

जिऱ्याच्या पोटाला एक पिशवी असते. आईने दिलेली ती शिदोरीच म्हणा. ती सुमारे तीन दिवस पुरते. ती संपली की तोंड उघडते आणि भूक लागते. खरा धोका इथेच आहे.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्ही कोंडा टाकला होता. तरी पिले मेली कशी?" बाबांनो, त्या पिलाचे तोंड सुईच्या नेढ्याहूनही लहान. त्याला कोंडा गिळता आला नाही. तो तळाशी कुजला आणि पाणी नासले. अन्न समोर असून पिले उपाशी मेली.

मग त्यांना काय द्यावे?

डबक्याच्या पाण्यात रोटिफर नावाचा बारीक जीव असतो. लॅटिन भाषेत रोटा म्हणजे चाक. याच्या डोक्यावर बारीक केस असतात. ते हलले की चाक फिरल्यासारखे दिसते. असे चार-पाच जीव ओळीने ठेवले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. पिलांना हा घास बरोबर बसतो. शिवाय तो जिवंत असल्यामुळे पाणी लवकर नासत नाही.

रोटिफरची मादी नराशिवायही अंडी घालते. उबदार पाण्यात तिची पिल्ले दोन-एक दिवसांत स्वतः आई होतात. म्हणूनच त्यांची पैदास झपाट्याने वाढते.

घरी कसे वाढवावे?

१. आधी हिरवे पाणी करा. बादलीत स्वच्छ पाणी घ्या. नळाचे असेल तर दोन दिवस उघडे ठेवा, म्हणजे त्यातले औषध उडून जाते. त्यात तळ्याचे हिरवे पाणी तांब्याभर गाळून घाला. मूठभर शेण फडक्यात बांधून त्यात सोडा. बादली उजेडात ठेवा. आठ-दहा दिवसांत पाणी हिरवे होते. हा हिरवेपणा म्हणजेच रोटिफरचे अन्न.

२. दुसऱ्या दोन बादल्यांत हे हिरवे पाणी गाळून घ्या. त्यांत रोटिफरचे विरजण घाला. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. चांगले विरजण कुठे मिळेल याची तिथे विचारपूस करावी.

३. पाणी दिवसातून दोनदा काठीने हळू ढवळा. तोंडाला पातळ कापड बांधा, नाहीतर डास अंडी घालतील.

४. थोडे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरा. पांढरे कण फिरताना दिसले की पीक आले समजा. हिरवे पाणी निवळले म्हणजे त्यांनी अन्न संपवले. मग नवे हिरवे पाणी घाला.

५. रोज चौथा हिस्साच काढा. अगदी दाट विणीच्या रेशमी कापडातून पाणी गाळा आणि ते कापड पिलांच्या टाकीत हलकेच खळबळा. जेवढे काढले, तेवढे हिरवे पाणी परत भरा.

पावसाळ्याची अडचण

जिरे मिळते पावसात आणि नेमके तेव्हाच आपल्याकडे ऊन नसते. उन्हाशिवाय पाणी हिरवे व्हायला वेळ लागतो. म्हणून मृगाच्या आधी, ऊन आहे तोवर, दोन-तीन बादल्या हिरव्या करून ठेवा. बादल्या वळचणीच्या पाण्याखाली नकोत, पण उजेडात हव्यात. फारच मळभ असेल तर पावाचे यीस्ट चिमूटभर पाण्यात कालवून त्यातले थोडे घाला. जास्त घातले की पाणी नासते.

दोन बादल्या का? एक नासली, वास मारू लागली, तर ती फेकून देता येते. दुसरीतून पुन्हा विरजण लावता येते. प्रत्येक बादलीचा तांब्या मात्र वेगळा ठेवा.

चार-पाच दिवसांनी पिलांचे तोंड मोठे होते. मग शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समभाग घेऊन, बारीक चाळून, थोडा थोडा द्यावा.

आधी हिरवे पाणी, मग रोटिफर आणि शेवटी जिरे. हा क्रम उलटा करू नका. पैसे देऊन आणलेले जिरे तीन दिवसांवर थांबत नाही.

सांगा पाहू

१. जिऱ्याची शिदोरी किती दिवस पुरते?
२. कोंडा टाकूनही पिले का मरतात?
३. बादलीत २० लिटर पाणी आहे. आज किती लिटर काढाल?
४. १५ जुलैला जिरे आणायचे आहे. हिरव्या पाण्याला १० दिवस आणि रोटिफरला ८ दिवस लागतात. तर कामाला कोणत्या तारखेला लागाल?