जुने घर घेताना : वारसांचा हक्क आणि व्यवहारातील सचोटी

आखाती देशांत कष्ट करून साठवलेल्या कमाईतून कोकणच्या किनाऱ्यावर स्वतःचे घर घ्यावे, ही अनेक कुटुंबांची इच्छा असते. रत्नागिरीच्या राजिवडा, मिरकरवाडा यांसारख्या समुद्रालगतच्या वस्तीत एखादे जुने कौलारू घर विक्रीस निघाले, की प्रथम किंमत विचारली जाते. शरीअतच्या दृष्टीने मात्र पहिला प्रश्न निराळा आहे : हे घर कोणाकोणाचे आहे?

वारसांचे हिस्से

सूरह निसाच्या ७व्या आयतीनुसार मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, तीत पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही हिस्सा ठरलेला आहे. ११व्या व १२व्या आयतींत हे हिस्से सांगितले आहेत. समजा, घरमालकाच्या मागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली आहेत. कर्ज व वैध वसीयत फेडल्यावर घराचे ३२ भाग मानले, तर पत्नीचे ४, मुलाचे १४ आणि प्रत्येक मुलीचे ७ भाग होतात. घरात राहणारा मुलगा एकटाच विक्री करू लागला, तर त्याला केवळ १४ भाग विकण्याचा अधिकार आहे. उरलेले १८ भाग जाणूनबुजून घेणारा खरेदीदारही अन्यायात सहभागी ठरतो. वीतभर जमीन बळकावणाऱ्याच्या गळ्यात कियामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, असा इशारा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला आहे.

“बहिणींनी माफ केले आहे” एवढे ऐकून थांबू नये. माहेर तुटेल या भीतीने बाळगलेले मौन म्हणजे राजीखुशी नव्हे. खरेदीदाराने बहिणींना स्वतः भेटावे व प्रत्येकीची रक्कम तिच्याच हाती द्यावी. नंतर ती भावाला द्यायची की नाही, हे तिने ठरवावे. मालमत्ता पत्रकावर केवळ भावाचे नाव असल्याने बहिणींचा हक्क संपत नाही. फेरफार नोंद म्हणजे मालकी नव्हे.

सामाईक घरातील एका हिस्सेदाराने आपला भाग विकण्यापूर्वी इतर हिस्सेदारांना विचारावे, हीही हदीसची शिकवण आहे. हाच शुफ्आचा हक्क होय. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम ज्या शाफई मसलकाचे आहेत, त्यात तो हिस्सेदाराला आहे. केवळ शेजाऱ्याला नाही.

दोष लपवू नये

मदीनेच्या बाजारात धान्याच्या राशीत प्रेषितांनी (स.) हात घातला, तेव्हा आत ओल लागली. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले. खाऱ्या हवेने गंजलेल्या सळ्या, झिरपणारी भिंत, मचूळ झालेली विहीर नव्या रंगाआड झाकणे हा त्याच राशीचा प्रकार आहे. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही खरेदीदारास सहज न कळणारे गंभीर दोष सांगण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकतो. खरेदीदारानेही भाव पाडण्यासाठी नसलेले दोष काढू नयेत.

लेखी व्यवहार

सूरह बकरहच्या २८२व्या आयतीत देण्याघेण्याचा लेख व साक्षीदार यांची ताकीद आहे. म्हणून सर्व वारसांच्या सह्यांचे नोंदणीकृत खरेदीखत करावे. किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सागरी किनारा नियमन लागू असते. जुने घर पाडून नवे बांधता येईल का, याची चौकशी इसार देण्यापूर्वीच करावी.

विक्रेता व खरेदीदार खरे बोलले तर त्यांच्या व्यवहारात बरकत होते, लपवाछपवी केली तर ती नष्ट होते, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. ज्या छताखाली आपण नमाज अदा करणार, ते कोणा विधवेच्या वा बहिणीच्या हक्कावर उभे नसावे. अल्लाह आपणा सर्वांना हलाल कमाई आणि हलाल निवारा देवो. आमीन.